पेटीतला सातबारा आणि आईचे नाव

कोकणातल्या जुन्या घरांतून माजघराच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी असते. कधीकाळी घरातला कुणी चाकरमानी मुंबईहून बोटीने आला, तेव्हा त्याने ती आणलेली असते. पेटीला कुलूप असते आणि किल्ली घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या कनवटीला. आत काय आहे हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते : कागद. गेल्या गणपतीत मालवण तालुक्यातल्या अशाच एका घरातली पेटी उघडली गेली, तेव्हा मी तिथे होतो. घर माझ्या आत्याचे.

आत्याचा मुलगा गेली पंचवीस वर्षे अमेरिकेत आहे. तिथे तो नोकरीला लागला, स्थिरावला, रीतसर नागरिक झाला. तीन वर्षांपूर्वी आत्याचे यजमान गेले. तेव्हापासून एवढ्या मोठ्या घरात ती एकटी. पावसाळ्यात वीज जाते, रात्री फोन लागत नाही, आणि तिकडे न्यू जर्सीत मुलाची झोप उडते. अखेर त्याने ठरवले की आईसाठी अमेरिकेतल्या कायम वास्तव्याचा, म्हणजे आपण ज्याला सरसकट ग्रीन कार्ड म्हणतो त्याचा, अर्ज करायचा. गणपतीला तो दहा दिवस आला होता. या दहा दिवसांत लागणारे सगळे कागद गोळा करून न्यायचे असा त्याचा बेत.

पेटी उघडली. सर्वांत वर सातबाराचे उतारे. त्याखाली आठ-अ, फेरफाराच्या नकला, मोजणीचा नकाशा, कुळकायद्याच्या वेळचे कागद, आणि एका गडग्यावरून सतरा वर्षे चाललेल्या दाव्याचा निकाल. तीन पिढ्यांचे कागद, पिवळे पडलेले, पण एकही गहाळ नाही. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घरातल्या प्रत्येक बाप्याला तोंडपाठ. आणि या साऱ्या ढिगात आत्याचा स्वतःचा असा कागद किती? रेशनकार्ड, मतदाराचे ओळखपत्र, आधार कार्ड आणि दहा-बारा वर्षांपूर्वी काढलेला पासपोर्ट. चारही सासरच्या नावाचे. त्याआधी ही बाई जगात होती, याचा पुरावा म्हणून पेटीत एक चिटोरेही नव्हते.

तिच्या मुलाचा जन्मदाखला मात्र होता. तो आम्ही पाहिला आणि दोघेही गप्प झालो. मुलाचे नाव बरोबर, बापाचे बरोबर. आईच्या नावापुढे लिहिलेले नाव मात्र वेगळेच. माझ्या आत्याचे माहेरचे नाव एका नदीचे होते. लग्नात तिला फुलाचे नाव मिळाले. पहिले बाळंतपण आपल्याकडे माहेरी होते. त्याप्रमाणे हा मुलगा आजोळी, म्हणजे आमच्याच घरी, १९७४ साली जन्मला. नोंद करायला ग्रामपंचायतीत गेले माझे आजोबा. लिहिणाऱ्याने विचारले, आईचे नाव? आजोबांनी आपल्या लेकीला ज्या नावाने आयुष्यभर हाक मारली तेच नाव सांगितले. त्यात त्यांची काय चूक? पण त्या दिवसापासून मुलाच्या दाखल्यावर एक बाई त्याची आई आहे आणि पासपोर्टवर दुसरीच बाई आहे.

'माझ्या झिलाची आवस मीच, ह्या सांगूक कागद कित्याक होयो?' आत्याने विचारले. तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

एका ओळीचा कायदा

१९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला. देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि ताटातूट झालेली कुटुंबे एकत्र आणणे हे नव्या कायद्याचे एक मुख्य सूत्र झाले. आज मराठी माणसांची घरेच्या घरे तिकडे दिसतात, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या कायद्यात आहे. अमेरिकेचा नागरिक असलेल्या आणि एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांसाठी अर्ज करता येतो, आणि अशा अर्जांना वर्षाकाठी अमुक इतकेच, अशी मर्यादा नाही. ज्याच्याकडे नुसते ग्रीन कार्ड आहे त्याला मात्र आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. या अर्जाच्या नमुन्याचे नाव आय-१३०. तो मंजूर झाला की मग मुलाने द्यायचे उत्पन्नाचे हमीपत्र, पोलिसांकडचा दाखला, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी, आणि शेवटी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत.

हे सारे ऐकताना डोके गरगरते. पण गाभा एका ओळीचा आहे : ही बाई या माणसाची आई आहे, हे कागदाने दाखवा. आईसाठी अर्ज करताना मुख्य पुरावा म्हणून आईचा नव्हे, तर मुलाचा जन्मदाखला लागतो, आणि त्यावर मुलाचे आणि आईचे अशी दोन्ही नावे असावी लागतात. वडिलांसाठी अर्ज असेल तर त्याला आईवडिलांच्या लग्नाच्या दाखल्याची जोड हवी. नाव बदललेले असेल तर ते कसे बदलले याचा पुरावा हवा. मराठीतल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, आणि ते पूर्ण व अचूक आहे असे भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायला हवे. पुढे व्हिसाच्या वेळी आईचा स्वतःचा जन्मदाखला मागतात, आणि ती विधवा असेल तर पतीच्या मृत्यूचा दाखलाही.

मागणी अवाजवी आहे का? गावात अनेकांनी तसे बोलून दाखवले. अमेरिकेला माज आला आहे, असेही कुणी म्हणाले. मला तसे वाटत नाही. तिकडे टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याने आपले खळे पाहिलेले नाही, आपली तुळस पाहिलेली नाही. त्याच्यासमोर रोज जगभरच्या आया येतात, त्यांत खऱ्या असतात तशा खोट्याही असतात. त्याने कशावरून ओळखावे? आपण दोन गुंठ्यांचा व्यवहार करताना समोरच्याचा सातबारा तीन-तीनदा तपासून घेतो, मग त्याने आईचा कागद मागितला तर त्यात अपमान कसला?

चुकते ते निराळ्या जागी. लग्नाने बाईचे नाव बदलले तर लग्नाचा दाखला असेलच, असे तो कायदा धरून चालतो. तिथल्या समाजात ते खरे आहे. आपल्याकडे लग्न लागते ते मांडवात, शेपाचशे माणसांसमोर. आणि नवे नाव ठेवले जाते ते ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजतात, आणि बाईच्या नावबदलाचा दस्तऐवज तिथेच संपतो.

न लिहिलेल्या बायका

जन्म आणि मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा, आणि तो महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी नोंदी नव्हत्याच असे नाही. गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यू लिहिले जात. पण तिथेही बहुधा बापाचे नाव, जात आणि पुढे मुलगा की मुलगी, एवढेच सापडते. बाळाचे बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते, मग नाव कुठून येणार? १९७० नंतरच्या नोंदींतही बाळाच्या नावाची जागा कोरी राहिलेली असंख्य घरांत आढळेल. नाव नंतर घालता येते, पण त्यालाही नियमाने पंधरा वर्षांची मुदत आहे. ती किती घरांत पाळली गेली?

जन्मतारखेची तर गंमतच. आत्याचा जन्म नारळी पुनवेच्या आदल्या दिवशीचा. हे तिच्या थोरल्या बहिणीला पक्के ठाऊक आहे, कारण त्या दिवशी घरात नारळ सोलायचे काम चालू होते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लिहिले. महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक वडीलधाऱ्यांचा वाढदिवस एक जूनला येतो, तो असा. पासपोर्ट निघाला तो शाळेच्या तारखेवर. आता खरी तारीख पुनवेच्या आदली की एक जून, या वादात पडण्यात अर्थ नाही. सगळ्या कागदांवर एकच तारीख असणे महत्त्वाचे. आधार कार्डावरची तारीख तर जन्माचा पुरावा म्हणून धरलीच जात नाही, हेही अनेकांना माहीत नसते.

त्यात आमचा जिल्हाच मुळी १ मे १९८१ चा. त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात. म्हणजे एकाच गावात, एकाच खोलीत जन्मलेल्या दोन भावांच्या कागदांवर दोन जिल्हे. कुडाळ-सावंतवाडीकडचे जुने लोक तर १९४८ पर्यंत संस्थानी प्रजा. शिवाय गावात गावकर असलेला माणूस मुंबईच्या गिरणीच्या मस्टरवर गावाच्या नावावरून कुणीतरी 'कर' होऊन बसलेला. आणि मालवणच्या किंवा सावंतांच्या स्पेलिंगात इंग्रजी 'व्ही' घालायचा की 'डब्ल्यू', हा प्रश्न प्रत्येक कारकुनाने आपापल्या मर्जीने सोडवलेला.

बापयांच्या बाबतीत ही गाठ कशीबशी सुटते. त्यांचे नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच असते आणि सातबारा, मस्टर, बँकेचे पुस्तक अशी कागदांची साखळी असते. बाईच्या बाबतीत साखळी मधेच तुटलेली असते. लग्नाआधीची ती एक, लग्नानंतरची दुसरी, आणि दोघींना जोडणारा दुवा म्हणजे माणसांची आठवण. पदर वाऱ्यावर उडतो तशी ती आठवणही आता उडू लागली आहे. आत्याला जन्मताना पाहणारी सुईण केव्हाच गेली. हयात आहे ती एकटी थोरली बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची.

शेजारी गोव्यात पाहा. तेरेखोलची खाडी ओलांडली की चित्र बदलते. पोर्तुगीज अमलापासून तिथे जन्माची आणि लग्नाची नागरी नोंदणी सक्तीची आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना त्या जुन्या नोंदींच्या बळावर पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता आले. आपल्याकडेही ख्रिस्ती बांधवांना चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचा आधार असतो आणि अमेरिकन कायदा तो दुय्यम पुरावा म्हणून मानतो. आपल्या देवळांत नवसाची घंटा कुणी दिली ते कोरलेले असते. गावात कुणाच्या पोटी कोण जन्मले ते लिहायची रीत देवळाने ठेवली नाही.

लग्नांचेही तेच. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा १९५३ पासून होता, महाराष्ट्राने १९९८ साली नवा केला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले. पण साठ-सत्तर सालच्या लग्नांच्या नोंदी कुठल्या? नवराबायको दोघेही हयात असतील तर आजही नोंदणी करून घेता येते. दोघांतले एक गेले की हे दार बहुधा बंद होते. आत्याच्या यजमानांच्या हयातीत एक सकाळ खर्च केली असती तर पुढचे अर्धे काम वाचले असते. हे आम्हाला त्या दिवशी कळले.

भावांची रांग

आईवडिलांच्या अर्जात निदान वेळेचा तरी दिलासा आहे. नागरिक झालेल्या भावाने किंवा बहिणीने आपल्या भावंडांसाठी केलेल्या अर्जाची गोष्ट त्याहून बिकट. या वर्गात सगळ्या जगाला मिळून वर्षाला साधारण ६५,००० व्हिसे, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे भारताची रांग इतकी लांबली आहे की २०२५ साली नंबर लागत होते ते २००६ साली दाखल झालेल्या अर्जांचे. अर्ज केला तेव्हा चार वर्षांचा असलेला पुतण्या आज मिशा फुटलेला असतो. कायद्याने एकवीस वर्षांच्या आतल्या अविवाहित मुलांनाच आईबापांबरोबर जाता येते. अर्ज तपासणीत अडकलेला काळ वयातून वजा करण्याची थोडी सवलत २००२ च्या कायद्याने दिली, पण ती अनेकांना पुरत नाही. म्हणजे कुटुंब एकत्र आणण्यासाठी केलेला अर्ज अखेर आईबापांना तिकडे आणि मुलांना इकडे ठेवतो.

आणि इथेही पुराव्याचा धागा म्हणजे आईच. दोघे भाऊ एकाच आईबापांचे आहेत, हे दोघांच्या जन्मदाखल्यांवरून दिसले पाहिजे. थोरला आजोळी जन्मला, त्याच्या दाखल्यावर आईचे माहेरचे नाव. धाकटा मुंबईला इस्पितळात जन्मला, त्याच्यावर सासरचे. मधली बहीण गावच्या घरी, तिच्या दाखल्यावर कुणीतरी घरातले हाकेचेच नाव लिहिलेले. तीन दाखले, तीन आया. वीस वर्षे रांगेत उभे राहून नंबर जवळ आल्यावर ही गोष्ट ध्यानात येते, आणि तोवर आईही नसते, तिला ओळखणारेही नसतात.

म्हणून एक साधी सूचना. दाखला शोधायचा तो बापाच्या गावी नव्हे, आजोळच्या ग्रामपंचायतीत. कितीतरी लोक सासरच्या गावी खेटे घालून 'नोंद नाही' असा शेरा घेऊन परततात, आणि नोंद आठ-दहा मैलांवर मामाच्या गावी नीट पडून असते.

झटपट दाखल्याचा मोह

दहातले सहा दिवस गेले तेव्हा मुलाचा धीर सुटत चालला होता. तालुक्याला एका ओळखीच्या माणसाने सहज सुचवले : 'कशाला एवढी यातायात? नव्या नावाचा दाखला काढून देणारे आहेत. दोन दिवसांत हातात.' मुलगा माझ्याकडे पाहू लागला. खोटे सांगत नाही, क्षणभर मलाही वाटले, काय हरकत आहे? खोटे कुठे आहे? ही बाई खरोखरच त्याची आई आहे. खऱ्या गोष्टीसाठी खोटा कागद!

हा मोह फार घरांत शिरतो, म्हणून स्पष्ट लिहितो. जाणूनबुजून खोटा कागद दिल्याचे उघड झाले तर अमेरिकन कायद्याने त्या माणसाला तिथले दार कायमचे बंद होऊ शकते, आणि सूट मिळणे फार कठीण. कागद नाही म्हणून आई थांबली तर वर्षभर थांबेल. खोटा कागद निघाला तर जन्मभर थांबेल. शिवाय नोंद सापडत नसेल तर त्यावरचा सरळ मार्ग त्यांच्याच नियमांत आहे. संबंधित कचेरीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा. मग शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, देवळाची किंवा चर्चची नोंद यांसारखा दुय्यम पुरावा जोडायचा. तोही अपुरा असेल तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या, अर्जात पक्षकार नसलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे. नात्यातली माणसेही चालतात. म्हणजे अमेरिकेचा कायदाही अखेर आपल्या थोरल्या बहिणीच्या आठवणीपाशीच येऊन थांबतो. फक्त ती आठवण वेळेवर लिहून घ्यायला हवी.

आपल्याकडची उशिराची नोंदही रीतसर करता येते. पूर्वी वर्षाहून जुन्या जन्माच्या नोंदीसाठी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी आणि त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. २०२५ साली बनावट दाखल्यांच्या तक्रारींवरून राज्य शासनाने ही पद्धत अधिक कडक केली. खोटे दाखले काढणाऱ्यांनी सचोटीच्या माणसाचीही वाट किती अवघड करून ठेवली आहे, ते यावरून समजावे.

माहेर सोडल्याचा कागद

आठव्या दिवशी दुवा सापडला. आत्याच्या पेटीत नव्हे, आमच्या पेटीत.

आजोबा गेल्यावर घराची आणि जमिनीची वारस नोंद झाली, तेव्हा आत्याने आपला हिस्सा माझ्या वडिलांच्या नावे सोडला होता. कायद्याने १९५६ पासून मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा आहे, पण आपल्याकडे बहीण भावाला हक्कसोड पत्र लिहून देते आणि चोळीबांगडीवर समाधान मानते. ते नोंदलेले हक्कसोड पत्र आमच्या पेटीत जपून ठेवलेले होते. मी ते उघडले. त्यात लिहिणाऱ्याने आत्याचे सासरचे पूर्ण नाव घातले होते आणि पुढे 'माहेरचे नाव' म्हणून ते नदीचे नाव, बापाच्या नावासकट. खाली तिची सही, अंगठ्याचा ठसा आणि दोन साक्षीदार. सबंध आयुष्यात तिची दोन्ही नावे एका ओळीत लिहिणारा हा एकच सरकारी कागद. आणि तो कशाचा? तिने आपल्या घरावरचा हक्क सोडल्याचा.

मी तो कागद तिच्या हातात दिला. ती बराच वेळ सहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'तेवा सय केलंय आणि वाटला, माहेरचा सगळा सोपला.' त्यावर मी काय बोलणार? ज्या जमिनीवर माझे घर उभे आहे त्यातला तिचा वाटा सोडल्याचा तो पुरावा होता. जमीन आम्ही जपली, जमिनीचे कागद जपले, आणि त्या कागदांच्या कडेला चुकून आत्याचे नाव राहून गेले, म्हणून ती आज आपल्या मुलाची आई ठरू शकते.

एवढ्यावर काम भागले असे नाही. शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळाला, त्यात माहेरचे नाव आणि एक जून. १९४९ सालची तिची स्वतःची जन्मनोंद सापडली नाही, तसा दाखला घेतला. थोरल्या बहिणीचे आणि गावच्या एका वृद्ध गृहस्थांचे प्रतिज्ञापत्र झाले. आत्याने स्वतः दोन्ही नावे आपलीच असल्याचे प्रतिज्ञेवर सांगितले. हक्कसोड पत्राची दुय्यम निबंधक कचेरीतून नक्कल काढली. सगळ्याची भाषांतरे झाली. मुलगा फाईल घेऊन विमानात बसला. उत्तर अजून यायचे आहे.

आपण काय करावे

या लेखाचा हेतू सर्वांनी अमेरिकेला जावे असा मुळीच नाही. जावे की राहावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. एक मात्र नक्की विचारावे : ज्या आईसाठी हे चालले आहे तिला कुणी विचारले आहे का? कायम वास्तव्य म्हणजे नातवंडांना भेटायला जाण्याचा सोयीचा व्हिसा नव्हे. तिथे राहायचे आहे असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि वर्ष-वर्ष बाहेर राहिल्यास तो हक्क धोक्यात येतो. सुपारीची बाग, गणपतीचा मखर आणि खळ्यातली ऊठबस सोडून ती तिकडे बंद दारांच्या घरात रमेल का, याचे उत्तर तिनेच द्यायचे आहे.

पण कागद तर इथेही लागतात. विधवेचे पेन्शन, बँकेतली ठेव, वारस नोंद, पासपोर्ट, सगळीकडे बाईची हीच गाठ आडवी येते. अमेरिकेचा अर्ज हे फक्त निमित्त. त्यामुळे पुढच्या सुट्टीत घरातली मंडळी जमतील तेव्हा एक वही घ्यावी. प्रत्येक माणसाचे जन्माचे नाव, बाईचे माहेरचे आणि सासरचे नाव, जन्माचे गाव, तेव्हाचा तालुका आणि जिल्हा, तिथी आणि तारीख, त्या वेळी घरात कोण होते, हे लिहून काढावे. वही म्हणजे पुरावा नव्हे, पण पुरावा कुठे शोधायचा ते ती सांगते. मुलांच्या जन्मदाखल्यांवर आईचे नाव काय आहे ते आजच तपासावे. आईवडील दोघेही हयात असतील तर त्यांच्या लग्नाची नोंदणी उरकून घ्यावी. पन्नास वर्षांनी का होईना, दोघांनी शेजारी बसून सही करण्यात लाज कसली? आणि नव्या सुनेचे नाव तांदळांत लिहिण्याची हौस असेलच तर तिने आणलेलेच नाव लिहावे.

शासनालाही एक सांगणे आहे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर तालुक्या-तालुक्यांत जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी जाणणारे शोधून आणले गेले, कोतवाल बुके चाळली गेली. मनावर घेतले तर हे काम होऊ शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. जातीसाठी उघडलेले ते दप्तर आता माणसांसाठी उघडे राहावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या आधी लिहायचा निर्णय महाराष्ट्राने घेतला, तो चांगला आहे. पण ज्या आया आज सत्तरीत आहेत, त्यांची नावे कोण शोधणार?

निघताना मी आत्याला विचारले, 'आत्ये, मंजूर झाला तर जाशील ना?'

'जावन बघतंय,' ती म्हणाली. 'रुचला नाय तर परत येतंय.' आणि मग थोडे थांबून, 'त्या कागदाची एक नक्कल माका काढून दी. माझ्या पेटयेत ठेवतंय.'